नागलीचा हजेरीपट

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी सात वाजता आमचे घरमालक ओट्यावर पाट टाकून बसायचे, शाळेतला जुना हजेरीपट मांडीवर उघडायचे आणि खड्या आवाजात हजेरी घ्यायचे. समोर विद्यार्थी कुणी नसायचा. एक कुत्रं असायचं, तेही झोपलेलं.

"नाचणी," ते पुकारायचे. मग पेन्सिल गालाला लावून आठवायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. "वीस तारखेला, वाणगावच्या बाजारात. हजर."

"बावटो. आठ दिवसांपूर्वी, वाण्याची आई म्हणाली. हजर."

"मडुआ." इथे ते जरा थांबायचे. "मडुआ गेल्या पावसाळ्यापासून दिसला नाही. गैरहजर."

डहाणूजवळच्या गंजाडला मी खोली बघायला गेले तो नेमका एक तारखेचा दिवस. फाटकाशी उभं राहून मी हे सगळं ऐकलं आणि मनात म्हटलं, झालं, ह्यांचा स्क्रू ढिला दिसतोय, इथे काही आपला निभाव लागायचा नाही. मी वळणार तेवढ्यात त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय काम आहे?"

"कृषी सहायक आहे मी. नवीन बदली झालीय. नाचणीचं काम आहे या भागात, म्हणून इथेच खोली बघतेय."

"घरी काय म्हणता?"

"घरी कशाला?"

"तिला. आत्ता जिचं नाव घेतलंत तिला."

मी साताऱ्याकडची, जावळीच्या डोंगरातली. मला वाटलं नोकरीचं, जातीचं, लग्नाचं विचारतील, त्याची उत्तरं तयार होती. हे नवीन होतं. "आई नाचणा म्हणते," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला माझीच आई आठवली. "नाचणा. तुमच्याकडे तो आहे होय. आमच्याकडे ती." मग लगेच विचारलं, "भाकरी येते?"

"मी भाड्यानं राहायला आलेय, स्वयंपाकाला नाही," मी फटकन बोलले. माझा स्वभावच तसा आहे, त्याबद्दल आईनं पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.

"मग नाव लिहिता येणार नाही," ते शांतपणे म्हणाले आणि हजेरीपट मिटला. "खोली मागच्या बाजूला आहे. पंखा आवाज करतो."

ते निवृत्त शिक्षक. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांचा जन्म तलासरीच्या पुढचा, झरीजवळच्या एका पाड्यातला. त्या पाड्यातून शिकून मास्तर झालेला पहिला माणूस तो. आणि या माणसानं उभ्या आयुष्यात नाद केला तो एकाच धान्याच्या नावाचा. डोंगराच्या वरकस जमिनीवर, जिथे भाताला पाणी पुरत नाही, तिथे जे काळसर तांबडं बारीक धान्य येतं, त्याला कोण काय म्हणतं आणि का म्हणतं, हे ते लिहून ठेवायचे.

पण नुसतं ऐकून लिहायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. ज्याच्या तोंडून नाव ऐकलं त्याच्या घरचं ते धान्य पोटात गेलं पाहिजे. "शब्द आधी उष्टावायचा, मग पटावर घ्यायचा," असं ते म्हणायचे. आणि एकदा पटावर घेतला की दर महिन्याला त्याची हजेरी. त्या महिन्यात तो कुणाच्या तरी तोंडून कानावर पडला असेल तर हजर. स्वतः म्हटलेला चालायचा नाही. मास्तरांनीच विद्यार्थ्याच्या जागी 'हजर' म्हणायचं म्हणजे लबाडी, नाही का, असं ते मलाच विचारायचे.

मी किती दिवस तग धरला? चार. पाचव्या दिवशी पंख्याच्या खडखडाटानं झोप लागली नाही, सकाळी उठून त्यांच्याच चुलीवर नाचण्याची भाकरी थापली. आईसारखी, उकड न काढता, हातावरची. त्यांनी एक घास तोंडात टाकला, डोळे मिटले आणि बराच वेळ चावत राहिले. मला वाटलं कच्ची राहिली.

"कच्ची आहे का?"

"नाव ऐकतोय," ते म्हणाले. मग हात धुऊन आले आणि पटावर लिहिलं, 'नाचणा. जावळी. हातावरची.' मला सांगायला लाज वाटत नाही, त्या दिवशी नोकरीच्या ऑर्डरपेक्षा मला त्याचं अप्रूप वाटलं.

या दंडकापायी त्यांनी काय काय सोसलं ते ऐकायला मजा यायची. डहाणूच्या एका दवाखान्यात दक्षिणेकडची नर्स होती, ती रागी म्हणायची. तिनं रागीचा उकडलेला गोळा केला आणि ह्यांना जेवायला बोलावलं. गुरुजींनी गोळा चावायला घेतला. तो चावायचा नसतो, कालवणात बुडवून गिळायचा असतो. ती बाई भडकली. म्हणाली, आमच्या रागीला दात लावता काय. गुरुजींनी मुकाट्यानं बाकीचा गोळा गिळला, दोन दिवस काही खाल्लं नाही, पण नाव लिहिलं आणि पुढे शेरा लिहिला, 'दात लावू नये.'

मडुआ बिहारच्या एका गवंड्याचा. स्टेशनजवळच्या इमारतीवर कामाला होता, ते काम संपलं आणि तो निघून गेला. तेव्हापासून मडुआ गैरहजर. "नाव कमी करून टाका की," मी एकदा म्हटलं. तर माझ्याकडे असं पाहिलं की मी एखाद्या पोराला शाळेतून काढायला सांगितलंय. "पालकांचा अर्ज आल्याशिवाय नाव कमी करता येत नाही," ते म्हणाले.

मुंबईहून चिकूच्या वाडीत सुट्टीला आलेल्या एका बाईनं त्यांना बिस्किट दिलं आणि सांगितलं, हे सुपरफूड आहे. गुरुजी दोन दिवस घुश्शात. "हे काय नाव झालं? ही तर जाहिरात." पण बिस्किट खाल्लेलं होतं, दंडक म्हणजे दंडक. शेवटी पटाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं नाव चढवलं आणि शेरा लिहिला, 'जन्मदाखला आणलेला नाही.'

नाव कुठून आलं, हा त्यांचा दुसरा विषय. इकडे सगळे नागली म्हणतात. का म्हणतात? झरीचा एक म्हातारा म्हणाला, कणसाची बोटं आत वळतात, नागाच्या फण्यासारखी दिसतात, म्हणून नागली. दुसऱ्या पाड्यावरची बाई म्हणाली, छे, दुष्काळात नागानं बिळातून दाणा आणून दिला, त्याची ती लेक. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, वाऱ्यावर डुलते म्हणून नाचणी. माझी आई फोनवर म्हणाली, "डुलतीय कशाची, सुपात पाखडायला घ्या, दाणा एका जागी ठरत न्हाई. म्हणून नाचणा." गुरुजींनी हे सगळं लिहून घेतलं. त्यांच्याकडे पाठ सुटलेला एक जाडजूड शब्दकोश होता, त्यात या शब्दापुढे दोन ओळी होत्या. त्या वाचून ते दर वेळी एकच बोलायचे. "ह्या माणसानं खाल्ली नसणार. खाल्ली असती तर दोन ओळींत आटोपलं नसतं."

"पण ह्यातलं खरं कुठलं?" मला राहवायचं नाही. मी विज्ञानाची पदवीधर, मला एक उत्तर लागतं.

"सगळी खरी."

"असं कसं? उगम एकच असणार."

"शब्द काय नळातून येतो? ज्याच्या शेतात जसा उगवला तसा त्याचा अर्थ." यावर आमचं हमखास भांडण व्हायचं आणि चहा गार व्हायचा.

पण त्या पटाची एक गोष्ट मला पहिल्या महिन्यातच खटकली होती. हजेरी नेहमी दोन नंबरापासून सुरू व्हायची. एक नंबरच्या ओळीवर ब्राऊन पेपरची आडवी पट्टी टाचणीनं लावलेली होती. मी विचारलं की ते म्हणायचे, "तो नंतर येणार आहे." मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. उद्धट असले तरी एवढं कळतं मला.

कळलं ते भाऊबीजेला.

गुरुजींना एकच धाकटी बहीण. त्याच पाड्यावर राहते, घरची वरकस जमीन करते. भाऊबीजेला ते सकाळी नवा सदरा घालून बसनं गेले आणि दुपारी चारला परत आले. येऊन ओट्यावर बसले ते बसलेच. चेहरा उपाशी माणसाचा.

"बहिणीनं जेवायला घातलं नाही का?" मी गमतीनं विचारलं.

"घातलं. कोंबडीचं कालवण, भात."

"मग?"

"भात," ते पुन्हा म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. मध्ये मध्ये छातीवर हात ठेवत होते. आठवड्यापूर्वीच डहाणूच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, हृदय फार थोडं काम करतंय, पुढच्या वर्षाचे बेत आखू नका.

त्यांच्या आईच्या घरी एक रीत होती. शेतात उभी आहे तोवर नागलीला नागली म्हणायचं. पण विळा लागला, कणसं खळ्यावर आली, की ते नाव तोंडात आणायचं नाही. कणसरी मायला, धान्याच्या देवीला, नैवेद्य होईपर्यंत तिला वेगळ्या नावानं बोलवायचं. ते वेगळं नाव गुरुजींनी मला बोलून दाखवलं नाही. पाटी आणली आणि तिच्यावर खडूनं लिहिलं, 'पाव्हणी'. डोंगरावरून चालत आली आहे, दमली आहे, आधी तिला बसू द्यायचं, पाणी द्यायचं. नाव, माप, सगळं मागून. माप घालतानासुद्धा पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं.

गुरुजी वीस वर्षांचे असताना मास्तरकीचा कोर्स पुरा करून घरी आले. खळ्यावर रास पडली होती. आईनं पायली हातात दिली, आता तू शिकलास, तू माप. ह्यांनी पहिली पायली भरली आणि मोठ्यानं म्हणाले, "एक."

आई म्हणाली, "लाभ म्हन रे."

"एकाला एकच म्हणतात. आणि पाव्हणी-बिव्हणी काही नाही, ही नागली आहे. नागली. तूपण म्हण बघू." खळ्यावर शेजारपाजारची माणसं होती. मास्तरानं पहिला धडा दिला तो आईला.

आईनं सूप खाली ठेवलं. त्या वर्षी सगळ्यांना भाकऱ्या तिनंच थापून घातल्या, पण स्वतः त्या राशीतला एक दाणा तोंडात घातला नाही. भाताची पेज आणि रानातले कंद खाऊन वर्ष काढलं. रागानं नाही, गुरुजी म्हणाले, राग असता तर बरं होतं. तिच्या लेखी पाहुणी दारात पाय टाकायच्या आधीच तिला नावानं पुकारून तिचा अपमान झाला होता, आणि तो आपल्या पोरानं केला होता. मग तिनं कुठल्या तोंडानं खायचं? पुढच्या पावसाळ्यात ती आजारी पडली. शेवटच्या दिवसांत मुलीनं आंबील करून तोंडाशी नेली, तर आईनं विचारलं, "कोनची हाय? त्या राशीची?" मुलगी हो म्हणाली. आईनं वाटी हातानं बाजूला केली. ती मुलगी म्हणजे ही बहीण, तेव्हा पंधरा वर्षांची.

"ती अजून रीत पाळते," गुरुजी म्हणाले. "तिच्या घरी तो शब्द आहे. पण चाळीस वर्षांच्या वर झाली, माझ्यासमोर तिनं तो उच्चारला नाही. मी जातो तेव्हा ओवाळते, गुरुजी म्हणते, तुमी म्हणते. आणि भात वाढते. सगळ्या दुनियेच्या घरची नागली खाल्ली मी. बहिणीच्या घरची नाही."

एक नंबर कुणाचा ते मला कळलं. त्यांना शब्द माहीत होता, पण त्यांच्या दंडकाप्रमाणे तो स्वतः म्हणून चालत नव्हता. तो त्या एकाच तोंडून यायला हवा होता आणि त्याच घरी खायला हवा होता. मला रडू आलं आणि रडू आलं की मी चिडते. "मग माफी मागा ना तिची सरळ," मी ओरडलेच.

"मागितली. तीन वेळा. ती म्हणते, माझी कशाला मागता, गुरुजी."

मी उठून चहा टाकला.

आता पुढचं ऐकून कुणी म्हणेल की मी हे जुळवून आणलं. देवाशपथ नाही. झरीचा जादा कार्यभार माझ्या गळ्यात आधीच पडलेला होता. पीक कापणी प्रयोगासाठी गावातले काही गट नंबर चिठ्ठ्या काढल्यासारखे निघतात. त्या शेताचा ठरावीक तुकडा आखायचा, कापायचा, झोडून दाणे तोलायचे आणि मोबाईलवर माहिती भरायची. नागलीच्या यादीत एक नंबर त्यांच्या बहिणीचा निघाला.

तुकडा मी एकटीच जाऊन आखून कापून आले. दोन दिवस कणसं वाळवून झोडायचं आणि तोलायचं ठरलं. त्या दिवशी सकाळी गुरुजी सदरा घालून माझ्या स्कूटरपाशी उभे.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"बेत आखू नका म्हणाले. हा बेत नाही, मी नुसता मागे बसतोय." खांद्याला शबनम, शबनममध्ये हजेरीपट. खड्ड्याखड्ड्याला मी मागे वळून बघत होते, माणूस आहे ना म्हणून.

बहीण खळ्यावरच होती. उंच, काटक बाई, साठीच्या आसपासची, चेहरा हुबेहूब गुरुजींचा. खळं शेणानं सारवून आरशासारखं केलेलं. तिनं भावाला पाहिलं, "या गुरुजी," म्हणाली आणि बांधावर पोतं अंथरून दिलं. गुरुजी चपला बाजूला काढून तिथे बसले. खळ्यात पाय टाकला नाही. कुठल्याच खळ्यात त्यांनी तेव्हापासून पाय टाकला नव्हता.

कणसं झोडून झाली, पाखडून झाली, मध्यभागी लालसर रास पडली. साक्षीला बोलावलेले दोन पंच सकाळपासून कंटाळले होते. मोबाईलला मध्येच रेंज यायची आणि जायची. आणि नेमकी तेव्हा रेंज आली.

"मावशी, रेंज आहे तोवर तोलून टाकू पटकन," मी काटा पुढे ओढला. मोबाईलवर पिकाचं नाव विचारत होतं. सगळं माहीत असूनही, भाऊबीजेला डोळे पुसलेले असूनही, घाईत माझ्या जिभेवर तेच आलं. "पीक, ना..."

"बाय, थांब."

बांधावरून आवाज आला. आजवर मॅडम-मॅडम करणारे गुरुजी पहिल्यांदाच मला एकेरीत बोलले. ते उभे राहिले होते. "दारात आलेल्या बाईला कुणी आधी नाव-गाव विचारतं का? बसू दे तिला. पाणी दे. आपली आई आधी पाणी द्यायची."

शेवटचं वाक्य माझ्यासाठी नव्हतं. बहिणीचा सुपावरचा हात तसाच राहिला. तिनं भावाकडे पाहिलं नाही, राशीकडे पाहिलं. माझी रेंज गेली, ती गेलीच.

मग ती उठली. तांब्या घेऊन राशीभोवती पाण्याची धार सोडली, एक पूर्ण फेरी. तांब्या खाली ठेवला आणि बांधाकडे तोंड केलं.

"दादा," ती म्हणाली, "तिथं उन्हात काय बसलास? ये आत. पाव्हनी आलीया."

गुरुजी खळ्यात आले. दहा-बारा पावलं असतील, पण मला वाटलं ते पोहोचणारच नाहीत. बहिणीनं पायली त्यांच्या हातात दिली. त्यांनी गुडघे टेकले, दोन्ही हातांनी रास ओढून पायली भरली, शीग लावली आणि पोत्यात ओतली.

"लाभ," ते म्हणाले. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. बहीण म्हणाली, "मोठ्यान् म्हन. आयला ऐकू जाऊ दे."

"लाभ," ते मोठ्यानं म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले. बहीणही रडत होती. मी तर काय, मी केव्हाची सुरू झाले होते. दोन्ही पंच चहाला म्हणून निघून गेले.

तासाभरानं ते परत आले आणि विचारलं, "झालं का वजन, मॅडम?" मी म्हटलं, थांबा, पाहुणी बसलीय. त्यांनी घाईघाईनं शर्ट खोचले आणि इकडेतिकडे बघायला लागले, कुठली साहेबीण आली म्हणून. वजन ऊन कलल्यावर झालं. पिकाचं नाव मी तिथे भरलं नाही, नैवेद्यानंतर भरलं. उशीर का झाला म्हणून विचारणा झाली, रेंज नव्हती म्हणून सांगितलं.

पाच दिवसांनी कणसरी मायचा नैवेद्य झाला आणि बहिणीनं आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. पानावर भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. भात नव्हता. गुरुजींनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मी ओळखून होते, नाव ऐकताहेत. बहीण म्हणाली, "काय रे, कच्ची हाय काय?" ते नुसते मान हलवत राहिले. तीन भाकऱ्या खाल्ल्या. डॉक्टरांनी रात्री-सकाळी मिळून एक सांगितली होती, मी मोजलं नाही.

हात धुतल्यावर त्यांनी शबनममधून हजेरीपट काढला आणि माझ्यापुढे धरला. "तू लिही."

मी पहिलं पान उघडलं. टाचणी गंजून कागदाला चिकटली होती, सोडवायला वेळ लागला. पट्टी बाजूला केली. एक नंबर, 'पाव्हणी'. त्यापुढचे सगळे चौकोन कोरे. मागची पानं चाळली, सगळ्या वर्षांचे कोरे. एकाही चौकोनात गैरहजेरीची खूण नव्हती. ओळीच्या शेवटी, शेऱ्याच्या रकान्यात, कोवळ्या वळणदार मास्तरी अक्षरात लिहिलं होतं, 'विद्यार्थिनी हजर. शिक्षक गैरहजर.'

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बहिणीला विचारत होते, सुकट कुठून आणली.

मी त्या महिन्याच्या चौकोनात 'ह' लिहिला.

पुढच्या भाऊबीजेला गुरुजी नव्हते. पावसाळा संपता संपता गेले, आपल्याच ओट्यावर, सकाळी. माझी बदली परत साताऱ्याकडे झाली. हजेरीपट त्यांनी मला देऊन ठेवला होता. एक तारखेला जमेल तशी मी हजेरी घेते. माझ्या घरचे मला आता स्क्रू ढिला म्हणतात. मडुआ अजून आलेला नाही.

दर वर्षी दिवाळीनंतर झरीहून फोन येतो. मावशींची सून नंबर लावून देते. मावशी इकडचं तिकडचं काही बोलत नाहीत. "बाय, पाव्हनी आली," एवढंच.

"बसली का?" मी विचारते.

"बसली. पानी दिलं."

मी पट काढते आणि 'ह' लिहिते. ते गेले त्या वर्षी पहिल्यांदा फोन आला तेव्हा मात्र मावशी थांबल्या. शेरा त्यांना मी वाचून दाखवलेला होता, तो त्यांच्या ध्यानात होता.

"लिवलंस?"

"लिहिलं, मावशी."

"आनि दादाचं?"

"मावशी, ते आता..."

"पयली पायली त्याच्या नावानं टाकली. मोठ्यान् लाभ म्हनलं," त्या म्हणाल्या. "हितंच हाय तो खल्यावर. हजर लाव."

मी लावली.